शेतकऱ्याच्या घरचा जमाखर्च

महसूल खात्यांत तीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी करून मी नुकताच निवृत्त झालों. या सर्व काळांत माझें काम म्हणजे दुसऱ्यांच्या जमिनीचे आकडे उतरून काढणें, ते तपासणें व त्यांवर शेरे मारणें. माझ्याजवळ मोठी विद्वत्ता नाहीं; शिक्षण मराठी शाळेंतलें. परंतु ज्याच्या डोळ्यांखालून हजारों सातबारा उतारे गेले, त्याला एक गोष्ट शिकावीच लागते. सातबाराच्या उताऱ्यांत 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. पिकाच्या रकान्यांत शेतांत काय उभें आहे तें कळतें. पण घरांत काय चाललें आहे तें या 'इतर हक्का'च्या रकान्यांत कळतें. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, गहाणाची नोंद. बोजा चढतो, उतरतो, पुन्हां चढतो. आणि एखादे वेळीं बोजाबरोबर जुन्या मालकाचें नांवहि उताऱ्यावरून नाहींसें होतें.

हीं नांवें नाहींशीं होतांना मीं पाहिलीं आहेत. त्यांपैकीं एक नांव माझ्या घरचें होतें. तें पुढें सांगेन. या मासिकाचे वाचक बहुतेक जमीनधारक व लिहिते-वाचते शेतकरी आहेत. म्हणून घरच्या जमाखर्चाविषयीं चार शब्द त्यांच्यापुढें ठेवण्याचें धाडस करीत आहें. उपदेश म्हणून नव्हे, तर ठेंच लागलेल्या माणसानें मागून येणारास हांक मारावी, त्या बुद्धीनें.

आरंभींच एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. शेतकऱ्याला काटकसर सांगूं लागतांच तो म्हणतो, "आमच्या मालाला भाव नाहीं, पाऊस वेळेवर नाहीं, खताची गोणी दरवर्षीं महाग होते, तुम्ही पगारी लोक आम्हांला खर्च कमी करा म्हणून काय सांगतां?" हा आक्षेप खोटा नाहीं. भाव पडला तर उत्तम जमाखर्चहि तुटीला येतो. ज्यानें स्वतःच्या मालाची किंमत स्वतः ठरवावयाची नाहीं, त्याची स्थिति व्यापारी किंवा नोकरदार यांच्यासारखी नाहीं, हें मीं कचेरींत बसूनहि पाहिलें आहे. परंतु यांतूनच माझा मुद्दा निघतो. ज्याचें उत्पन्न त्याच्या हातांत नाहीं, त्यानें निदान खर्च तरी हातांतून जाऊं देतां कामा नये. पगारदाराच्या चुकीला पुढल्या पहिल्या तारखेचा आधार असतो. शेतकऱ्याच्या चुकीला फक्त जमिनीचा आधार असतो.

हा वाद आजचा नाहीं. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजाराच्या गांवीं शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, आणि तेथून तें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरलें. इतिहासांत त्यांस दख्खनचे दंगे म्हणतात. त्या दंग्यांत लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकाराच्या वह्या व खतें यांवर होता. तीं हिसकावून घेऊन जाळण्यांत आलीं. पुढें सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें. त्या वेळीं अनेक अंमलदारांचें मत असें होतें कीं, शेतकरी लग्नकार्यांत वारेमाप उधळतो म्हणून बुडतो. परंतु कमिशनचा निष्कर्ष निराळा पडला. लग्नाचा खर्च शेतकऱ्याच्या ऐपतीच्या मानानें जास्त असतो हें खरें. पण त्याला कर्जाचें कारण म्हणून वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें गेलें आहे, असें कमिशननें म्हटलें. पोटासाठीं, बियाण्यासाठीं, बैलासाठीं आणि सरकारी साऱ्यासाठीं वेळोवेळीं काढलेल्या लहान लहान रकमा व त्यांवर चढत जाणारें व्याज यांचाच कर्जाचा डोंगर होण्यांत मोठा भाग होता.

मला या हकिकतींत आणखी एक गोष्ट दिसते. शेतकऱ्यानें सावकाराची वही जाळली, कारण वही एकच होती आणि ती सावकाराच्या घरीं होती. शेतकऱ्याजवळ स्वतःची वही नव्हती. आपण किती घेतलें, किती फेडलें, बाकी किती, हें सावकार सांगेल तेंच त्याला मान्य करावें लागे. म्हणूनच १८७९ सालीं जो दख्खन शेतकरी साहाय्यक कायदा झाला, त्यांत कर्जदार शेतकऱ्यास पावती, वर्षाचा हिशेब व खातेपुस्तक मिळण्याच्या तरतुदी घालाव्या लागल्या. दीडशें वर्षें होत आलीं. आज आपण साक्षर आहों, मुलें पदवीधर आहेत, हातांत फोन आहे. परंतु प्रामाणिकपणें विचारतों, वाचकांपैकीं किती जणांच्या घरीं स्वतःची जमाखर्चाची वही आहे? सोसायटीच्या सचिवाजवळ तुमचें खातें आहे, बँकेजवळ आहे, खतांच्या दुकानदाराजवळ आहे, आडत्याजवळ आहे. सर्वांजवळ तुमचा हिशेब आहे; फक्त तुमच्याजवळ नाहीं.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवची पाहणी करून १९१७ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं कुटुंबांचें उत्पन्न, खर्च व कर्ज यांचा हिशेब मांडला आणि बहुतेक कुटुंबांचें केवळ स्वतःच्या जमिनीवर भागत नाहीं, असें दाखविलें. आज त्या गांवीं शेतें नाहींत, इमारती आहेत. पण मला सांगावयाचें तें एवढेंच कीं, एका परक्या माणसानें आपल्या घरांत येऊन आपला जमाखर्च लिहिला तेव्हां कोठें खरी स्थिति उजेडांत आली. तो घरच्या माणसानें लिहिला असता तर ती एका गांवाला आधींच कळली असती.

आतां आजच्या घराकडे वळूं. शेतकऱ्याचा खर्च आणि नोकरदाराचा खर्च यांत मोठें अंतर कोणतें? नोकरदाराचें उत्पन्न वर्षांतून बारा वेळां थोडें थोडें येतें आणि खर्चहि तसाच बारा महिने होतो. शेतकऱ्याचा खर्च बारा महिने असतो, पण उत्पन्न एक-दोन वेळांच येतें, आणि एकदम येतें. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास, हरभरा शिमग्याच्या सुमारास, उसाचें बिल कारखाना देईल तेव्हां. खरें पाहतां १९६६ च्या ऊंस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊंस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावयास हवेत. पण त्या भरंवशावर लग्नाची तिथि धरणारे पुढें कसे धांवाधांव करतात, हें ऊंसवाल्यांस सांगावयास नको. एकदम हातीं आलेला पैसा माणसाला आहे त्यापेक्षां मोठा दिसतो. बाजारांत माल घालून परततांना खिशांत दीड लाख असले कीं आपण लखपति झालों असें वाटतें. ते दीड लाख कोणाकोणाचे आहेत, हें त्या दिवशीं आठवत नाहीं.

हिशेबाच्या सोयीसाठीं एक घर कल्पूं. पांच एकर जमीन. चार एकर सोयाबीन, त्यांतच पुढें तीन एकर हरभरा, दावणीला एक म्हैस. सोयाबीन एकरीं आठ क्विंटल धरलें तर ३२ क्विंटल होतें. ४,२०० च्या भावानें त्याचे १,३४,४०० रुपये झाले. हरभरा एकरीं सात क्विंटल म्हणजे २१ क्विंटल. ५,३०० नें १,११,३०० रुपये. दुधाचे खर्च वजा जातां महिना ३,००० म्हणजे वर्षाचे ३६,०००. सन्मान निधीचे केंद्राचे ६,००० व राज्याचे ६,००० मिळून १२,०००. एकूण जमा २,९३,७०० रुपये. घरधनी मनांत म्हणतो, आपलें उत्पन्न तीन लाखांचें आहे.

आतां नांवें घाला. सोयाबीनचा बियाणें, खत, फवारणी, मजुरी, काढणी व मळणी मिळून खर्च एकरीं १६,००० धरला तर ६४,००० होतात. हरभऱ्याचा एकरीं १३,००० प्रमाणें ३९,०००. एकूण १,०३,०००. हे पैसे आपले नव्हेत. ते पुढल्या पेरणीचे आहेत. ते वजा जातां राहिले १,९०,७००. आणखी एक वजाबाकी करावी लागते, आणि नेमकी तीच कोणी करीत नाहीं. दहा वर्षांत दोन वर्षें तरी खालीं बसतात, हें अनुभवी शेतकऱ्याला सांगावें लागत नाहीं. आमच्या कचेरींत दरवर्षीं गांवोगांवची पैसेवारी काढली जाई. पन्नास पैशांच्या खालीं गेलेलें वर्ष फार दिवस चुकलें असें होत नसे. तेव्हां चांगल्या वर्षानें वाईट वर्षाची बेगमी केली पाहिजे. म्हणून उरलेल्या रकमेचा पांचवा भाग, म्हणजे सुमारें ३८,००० रुपये, बाजूला काढले पाहिजेत. बाकी दीड लाखाच्या घरांत राहते. तिला बारानें भागा. दरमहा साडेबारा हजार रुपये झाले.

हें या घराचें खरें उत्पन्न होय. तीन लाख नव्हे. महिना साडेबारा हजार. या आकड्याकडे पाहून आतां इतर गोष्टी मोजाव्या. मोटारसायकलचा महिना चार हजारांचा हप्ता म्हणजे घरखर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पांच लाखांचें लग्न म्हणजे घराच्या तीन वर्षांहून अधिक काळाचा संपूर्ण खर्च. किंवा निराळ्या रीतीनें मोजावयाचें तर तेरा चांगल्या वर्षांची शिल्लक. आणि चार चांगल्या वर्षांची शिल्लक एकत्र केली म्हणजे एका बुडीत वर्षाचा घरखर्च निघतो. याचा अर्थ असा कीं, पांच एकरांचा शेतकरी शिस्तीनें वागला तर चार वर्षांत तो एक दुष्काळ कोणापुढेंहि हात न पसरतां काढूं शकतो. ही गोष्ट लहान नाहीं. ज्याच्या घरीं दुष्काळांत आडत्याची उचल घ्यावी लागत नाहीं, तो पुढल्या वर्षीं आपला माल स्वतःच्या इच्छेनें विकतो. ज्यानें उचल घेतली, त्याचा माल आडत्याच्या इच्छेनें विकला जातो. म्हणजे घरखर्चाची शिस्त कांहीं अंशीं भावावरहि परिणाम करते.

हे आकडे प्रत्येकाचे निराळे असतील. कोणाची जमीन कोरडवाहू, कोणाची बागाईत. कोणाच्या घरीं आजारपण, कोणाची मुलें शहरांत शिकणारीं. आकडे माझे घेऊं नयेत. रीति मात्र घ्यावी. आधीं पेरणीचें काढावें, मग वाईट वर्षाचें काढावें, आणि उरेल त्याला बारानें भागावें.

आतां कर्जाविषयीं. कर्ज काढूंच नये असें मी म्हणत नाहीं. पेरणीला काढलेलें कर्ज पिकांतून फिटतें; त्यासाठींच सहकारी सोसायट्या निघाल्या आणि १९९८ सालीं किसान क्रेडिट कार्ड आलें. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जास व्याज सात टक्के असून तें मुदतींत फेडणारास केंद्राकडून तीन टक्क्यांची सूट आहे. राज्याची सवलत धरली तर वेळेवर फेडणारास तें बिनव्याजी पडतें. याहून स्वस्त पैसा कोणत्याहि धंद्याला मिळत नाहीं. परंतु या कर्जाची रचना वाचकांनीं नीट पाहिली आहे काय? २०१२ च्या सुधारित नियमांत पीककर्जाची मर्यादा ठरवितांना पिकाच्या खर्चाची रक्कम धरून तिच्यावर घरगुती गरजा व काढणीनंतरचे खर्च यांसाठीं फक्त दहा टक्के, आणि अवजारें-विहीर वगैरेंच्या दुरुस्तीसाठीं वीस टक्के धरले आहेत. म्हणजे पिकासाठीं एक लाख मंजूर असतील तर घरासाठीं हिशेबांत फक्त दहा हजार आहेत. प्रत्यक्षांत उलट होतें. पीककर्ज वैशाखांत हातीं येतें, आणि लग्नसराईहि वैशाखांतच असते. लाख रुपये मांडवांत जातात आणि बियाणें दुकानांतून उधारीवर येतें. मग तीच पिशवी रोखीपेक्षां महाग पडते; पीक निघतांच दुकानदार दारांत उभा राहतो; सोसायटीची मुदत टळते; सवलत जाते; थकबाकीदार ठरल्यामुळें नवें कर्ज मिळत नाहीं; आणि शेतकरी शेकडा तीनच्या दाराशीं जाऊन उभा राहतो. शेकडा तीन हा आकडा ऐकावयास लहान वाटतो. तो महिन्याचा आहे; वर्षाचे छत्तीस टक्के होतात.

ही केवळ पुस्तकी गोष्ट नाहीं. आरंभीं ज्या घरच्या नांवाचा उल्लेख केला, तें माझ्या थोरल्या बंधूंचें. वडिलोपार्जित जमिनीच्या वांटणींत त्यांच्याकडे सात एकर आली. माणूस अत्यंत कष्टाळू. व्यसन कसलेंहि नाहीं. २०११ सालीं त्यांच्या मुलीचें लग्न ठरलें. दादा म्हणाले, "अरे, दारांत मांडव घालूं, दोनशें पानें उठवूं, आपली ऐपत तेवढीच आहे." मला हें पटलें नाहीं. माझ्या कचेरींतील मंडळी येणार, साहेबलोक येणार, त्यांना अंगणांत जेवावयास कसें बसवावें, अशी मला लाज वाटली. मीं हट्ट धरला. मंगल कार्यालय ठरलें, वाजंत्री शहरांतून आली, पंगती हजारावर गेल्या. खर्च चार लाख झाला. त्यांतले एक लाख मीं दिले आणि तेवढ्यावर मोठें कर्तव्य केल्यासारखें मला वाटलें. बाकीचे तीन लाख दादांनीं उभे केले: घरचे चाळीस हजार, सोसायटीच्या पीककर्जाचे साठ हजार, आडत्याचे पन्नास हजार, आणि दीड लाख शेकडा तीननें.

त्या वेळीं वहिनींनीं एकदांच विचारलें होतें, "हे फेडायचे कशांतून?" त्यांना कोणीं उत्तर दिलें नाहीं. बैठकींत बसलेल्या आम्हां पुरुषांना तो प्रश्न अवलक्षणी वाटला.

पुढलें सांगावयास फारसें कांहीं नाहीं, कारण तें प्रत्येक गांवीं घडतें. पहिल्या दिवाळीला आडत्यानें आपले पैसे मालांतून कापून घेतले. सोसायटी थकली. २०१२ सालीं पाऊस गेला. २०१४ च्या फाल्गुनांत गारपिटीनें हरभरा झोडपला. दीड लाखावर महिना साडेचार हजार व्याज. तीन वर्षांत व्याजच एक लाख बासष्ट हजार झालें, मुद्दलाहून जास्त. मजजवळ मागितलें असतें तर मीं दिलें असतें असें मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत असें. पण माझ्याहि पगारांतून घराचा हप्ता जात होता, आणि खरें म्हणजे दादांनीं मागितलें नाहीं. त्या उन्हाळ्यांत विहिरीजवळचे दोन एकर त्यांनीं विकले. फेरफाराचे कागद तपासणीच्या ढिगांत माझ्या टेबलावर आले. खरेदी देणाराचें नांव वाचलें आणि खालीं 'तपासलें' म्हणून सही केली. नोकरींत केलेल्या सह्यांपैकीं ही एकच मला आठवते.

दादांनीं मला आजपर्यंत एका शब्दानें दोष दिला नाहीं. पुतणी सासरीं सुखांत आहे. तिच्या लग्नांत किती पंगती उठल्या हें आज तिलाहि सांगतां येणार नाहीं. माझ्या कचेरींतील जे साहेब त्या दिवशीं जेवून गेले, त्यांची पुढें बदली झाली. त्यांचीं नांवेंहि आतां मला नीट आठवत नाहींत.

म्हणून कमिशनचा निष्कर्ष मान्य करूनहि मला त्यांत माझी पुरवणी जोडावीशी वाटते. लग्नाचा खर्च एकटा शेतकऱ्याला बुडवीत नाहीं, हें खरें. दादांना पाऊस व गारपीट यांनींहि बुडविलें. पण पाऊस सर्वांचाच गेला होता. ज्यांच्या डोक्यावर शेकडा तीन नव्हतें त्यांची जमीन राहिली. मोठा खर्च हा स्वतः डोंगर नसतो. तो लहान लहान कर्जांना घरांत येण्यासाठीं दार उघडून देतो. ऋण काढून सण करूं नये, ही म्हण आपण सर्व जण सांगतों. ती अमलांत कशी आणावी, याविषयीं माझ्या सूचना अशा आहेत.

पहिली सूचना: दोन वह्या ठेवाव्या. एक शेताची, एक घराची. शेताच्या वहींत पिकाप्रमाणें खर्च व उत्पन्न. घराच्या वहींत रोजचा किराणा, औषध, शाळा, प्रवास, फोन, चहापान, सर्व. फोनवरून दिलेले पैसे हातांतून जातांना दिसत नाहींत, म्हणून ते त्याच संध्याकाळीं लिहावे. वही सुबक असण्याची जरूर नाहीं. शाळेची जुनी वही चालेल. पहिल्या वर्षीं कांहींहि कमी करूं नये, फक्त लिहावें. कोठें गळतें हें लिहिल्याशिवाय कळत नाहीं, आणि कळल्यावर बुजविणें सोपें जातें.

दुसरी सूचना: घरची वही घरच्या बाईच्या हातीं द्यावी. बचत गटांत आपल्या घरच्या बायका दर महिन्याला पैशापैशाचा हिशेब ठेवतात, ठराव लिहितात, बँकेंत जातात. बाहेर ज्यांचा हिशेब चालतो, त्यांना घरांत मात्र माल किती रुपयांना गेला हें सांगितलें जात नाहीं. ही मोठी विसंगति आहे. आमच्या घरीं ज्या एका माणसानें बरोबर प्रश्न विचारला, त्याच माणसाला आम्हीं गप्प बसविलें. कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वीं घरधनिणीचा "फेडायचे कशांतून?" हा प्रश्न येऊं द्यावा, आणि त्याला आकड्यांत उत्तर देतां आलें तरच सही करावी.

तिसरी सूचना: माल विकल्याच्या दिवशींच पैशाची वांटणी करावी. पेरणीचा भाग वेगळ्या खात्यांत, वाईट वर्षाचा भाग ठेवीच्या रूपानें, आणि घरचा भाग बारा महिन्यांवर. आज टाकूं, उद्यां टाकूं म्हणतां म्हणतां दिवाळी येते. वर्षाचें धान्यहि घरांत आधीं ठेवावें. पूर्वीं बळदांत ज्वारी भरल्याशिवाय बाजार नसे. आतां सर्व विकून पुन्हां दुकानांतून पीठ आणणारीं घरें मीं पाहतों. यांत विकतांना भाव कमी आणि घेतांना जास्त, असा दुहेरी तोटा आहे.

चौथी सूचना एकट्यानें अमलांत आणण्यासारखी नाहीं. लग्नाचा खर्च माणूस स्वतःच्या हौसेपेक्षां दुसऱ्याच्या तोंडाला भिऊन अधिक करतो. म्हणून एकानें हात आंखडला तर त्याची नाचक्की होते. सर्वांनीं मिळून आंखडला तर ती रीत ठरते. आपल्या शेतकरी संघाच्या सभासदांनीं वार्षिक सभेंत ठराव करावा कीं, पीककर्जाचा पैसा लग्नकार्यांत घालणार नाहीं, आणि सभासदाच्या घरचें लग्न दारांत किंवा सामुदायिक मांडवांत झाल्यास इतरांनीं मुद्दाम सहकुटुंब हजर राहावें. अंगणांतल्या पंगतीला चार प्रतिष्ठित माणसें येऊन बसलीं, म्हणजे अंगणाची प्रतिष्ठा आपोआप वाढते. मी त्या दिवशीं हें केलें असतें तर पुरें होतें.

कोणी म्हणेल, सरकार कर्जमाफी करतेंच. मग एवढी यातायात कशाला? २००८, २०१७ व २०१९ या सालांच्या माफ्यांच्या याद्यांवर आमच्या खात्यांतल्या लोकांनीं रात्रीच्या रात्री जागून काम केलें आहे. माफीनें पुष्कळांना दिलासा मिळाला. संकटांतल्या माणसाला हात देणें हें राज्याचें कर्तव्यच आहे. पण माफी सोसायटीच्या व बँकेच्या कागदावरील बोजाची असते. दुकानदाराची उधारी, आडत्याची उचल, हातउसने आणि शेकडा तीन यांतलें बहुतेक कोणत्याहि यादींत येत नाहीं. रकान्यांतला बोजा उतरल्याची नोंद ज्या हातानें केली, त्याच हातानें थोड्याच वर्षांत नवा बोजा चढल्याची नोंद केलेली मीं पाहिली आहे. घरची वही नसेल तर माफीनें एक पान कोरें होतें. पुढें काय लिहावयाचें तें जुन्या संवयी ठरवितात.

भावासाठीं भांडावें, पाण्यासाठीं भांडावें, विम्याच्या पैशासाठीं भांडावें. तें आपल्या संघाचें कामच आहे. परंतु भांडणाऱ्या माणसाला उद्यांच्या व्याजाची चिंता नसावी लागते. कर्जांत रुतलेला शेतकरी मोर्चाला येतो, पण माल धरून ठेवूं शकत नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण सांगतांना आपण पायांकडेच पाहतों. अंथरूण जमिनीचें आहे, आणि तें एकदां आंखूड झालें कीं पुन्हां लांब होत नाहीं, हें मी पाहिलें आहे.

निवृत्तीनंतर मी गांवीं परतलों आहें. संध्याकाळीं दादांबरोबर शेताकडे जातों. जी विहीर वडिलांनीं खणली, तिचें पाणी आतां दुसऱ्याच्या पाटानें वाहतें, आणि आम्ही दोघे बांधावर उभे राहून पाहतों. गेल्या पाडव्याला वहिनींनीं दोन वह्या आणविल्या. शेताची दादा लिहितात, घरची त्या लिहितात, आणि महिन्याच्या शेवटीं बेरीज तपासण्याचें काम त्यांनीं मला दिलें आहे. तीस वर्षें दुसऱ्यांचे आकडे तपासले. हें काम आधीं करावयास हवें होतें.